क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले : बाजारातून पुस्तक घेऊन आलेली पोर

आपल्या वस्तीत तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोशेजारी सावित्रीमाईचा फोटो आता बहुतेक घरांत दिसतो. ३ जानेवारीला आपण त्याला हार घालतो, दोन-चार भाषणे होतात, लहान पोरी नऊवारी नेसून, कपाळावर आडवी चिरी लावून सावित्री बनतात. टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागतात. माईने नेमके काय केले, कोणत्या वयात केले, तिला काय काय सोसावे लागले, हे विचारले तर मोठी माणसंही शेणाच्या गोळ्यांपलीकडे जास्त सांगू शकत नाहीत. म्हणून विहाराच्या या स्मरणिकेत माईचे चरित्र द्यावे असे वाटले. मी काही मोठा शिकलेला माणूस नाही. मिलची पाळी करून जे वाचले, कार्यकर्त्यांच्या सोबतीने जे समजून घेतले, त्याच शिदोरीवर लिहून राहिलो आहे. घरात पोरगी असेल त्या प्रत्येक मायबापाने हे एकदा वाचावे, आणि जमले तर पोरीकडूनच मोठ्याने वाचून घ्यावे.

शिरवळच्या बाजारातले पुस्तक

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. पेशवाई बुडून तेरा वर्षे झाली होती, इंग्रजांचे राज्य आले होते, पण माणसांच्या डोक्यातली पेशवाई जशीच्या तशी होती. शूद्राने शिकायचे नाही, अतिशूद्राने तर रस्त्यावर सावलीसुद्धा पडू द्यायची नाही, आणि बाई कोणत्याही जातीची असो, तिने अक्षराला हात लावायचा नाही. बाई शिकली तर नवरा मरतो, तिने वाढलेल्या अन्नाच्या अळ्या होतात, असे लोक खरोखर मानत होते. अशा काळात पाटलाच्या घरची पोरगी असूनही सावित्रीला शाळेचे तोंड दिसले नाही.

तिच्या लहानपणाची एक गोष्ट चरित्रांत येते. शिरवळला बाजार भरायचा. सावित्री त्या बाजाराला गेली होती. काहीतरी खाऊ घेऊन खात खात ती चालली होती. तिथे झाडाखाली मिशनरी लोक होते. त्यांच्यापैकी एकाने या पोरीला बोलावून रस्त्याने खात चालू नये असे समजावले आणि चित्रे असलेले एक छोटे पुस्तक हातात दिले. तिला त्यातले एक अक्षर येत नव्हते. घरी आल्यावर वडील रागावले, पुस्तक फेकून दिले. पोरीने ते गुपचूप उचलून आणले आणि जपून ठेवले. लग्न होऊन सासरी गेली तेव्हा ते पुस्तक तिच्यासोबत गेले असे सांगतात.

बाजार कोणताही असो, शिरवळचा असो की घाटंजीचा, लहान पोरीचे डोळे दिपवणारी वस्तू तिथे मांडलेली असतेच. बांगड्या, रिबिनी, रंगीत खेळणी, गोडधोड. त्याच्यात वाईट काही नाही. पण त्या बाजारातून न वाचता येणारे पुस्तक घेऊन येणे आणि फेकून दिल्यावरही ते उचलून जपणे, याच्यात पुढच्या सावित्रीमाईची खूण दिसते.

शेतातली शाळा, मग खरी शाळा

१८४० साली नऊ वर्षांच्या सावित्रीचे लग्न तेरा वर्षांच्या जोतिराव फुल्यांशी झाले. बालविवाहच होता तो, त्या काळाची रीतच होती. जोतिराव लहान असताना त्यांची आई गेली. त्यांना सांभाळले सगुणाबाई क्षीरसागर यांनी. त्या जोतिरावांच्या मावसबहीण, लहान वयात विधवा झालेल्या. एका मिशनऱ्याच्या घरी लेकरं सांभाळायचे काम करताना त्यांना शिक्षणाचे मोल कळले होते. जोतिराव शाळेत टिकले त्याच्या मागे ही माउली होती. आपण तिला विसरता कामा नये.

जोतिरावांनी आपल्या बायकोला आणि सगुणाबाईंना शिकवायला सुरुवात केली. शेतावर आंब्याच्या झाडाखाली मातीत काडीने अक्षरे गिरवत सावित्री शिकली असे सांगतात. पुढे जोतिरावांचे मित्र केशव शिवराम भवाळकर आणि सखाराम यशवंत परांजपे यांनी तिचा अभ्यास पुढे नेला. शिकवायचे कसे याचे शिक्षणही तिने मिशनरी बायांकडून घेतले. अहमदनगरच्या फॅरारबाई आणि पुण्याच्या मिचेलबाई ही नावे त्या संदर्भात येतात. म्हणजे सावित्रीमाई नवऱ्याच्या नावावर मास्तरीण झाली नाही. रीतसर तयारी करून ती वर्गात उभी राहिली. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्यातले काही जण अजूनही तिला फक्त जोतिबांची सावली समजतात.

१८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत, भिडे यांच्या वाड्यात जोतिरावांनी मुलींची शाळा काढली. सुरुवातीला सहा पोरी आल्या, वेगवेगळ्या जातींच्या. शिकवणारी सावित्री तेव्हा सतरा वर्षांची होती. आपल्याकडे सतरा वर्षांची पोर बारावीत असते, तेवढेच तिचे वय. त्याच वर्षी महार-मांगांच्या लेकरांसाठीही फुले दांपत्याने शाळा सुरू केली आणि त्या कामात सगुणाबाई पुढे होत्या.

शेण, दगड आणि घराबाहेर

शाळेत जाताना तिच्या अंगावर शेण, चिखल, दगड फेकले जात. घाणेरडे बोल ऐकावे लागत. ती एक जास्तीचे लुगडे सोबत ठेवायची. शाळेत पोचली की खराब झालेले बदलायचे, परत जाताना पुन्हा तेच नेसायचे. एकदा एका गुंडाने वाट अडवली तेव्हा तिने त्याच्या थोबाडीत ठेवून दिली, असेही सांगतात. या प्रसंगाची आपण नाटके करतो. पण मला त्याच्याहून मोठी वाटते ती एक साधी गोष्ट. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली. वर्षानुवर्षे जात राहिली.

बाहेरच्यांना पुरून उरता येते, घरचे विरोधात गेले तर अवघड होते. समाजाच्या दबावामुळे जोतिरावांचे वडील गोविंदराव यांनी १८४९ साली मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. तेव्हा आधार दिला तो उस्मान शेख या मुसलमान मित्राने. त्यांच्या घरच्या फातिमा शेख शाळेच्या कामात सावित्रीबाईंच्या सोबत उभ्या राहिल्या. १८५६ साली माहेरी आजारी असताना सावित्रीबाईंनी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात, आपण नसल्यामुळे फातिमेला त्रास पडत असेल पण ती कुरकुर करणार नाही, असा मायेचा उल्लेख आहे.

त्याच पत्रात भावाशी झालेली बोलाचाली आहे. महार-मांगांना शिकवून तुम्ही दोघे वाळीत पडलात, असे भावाने तिला सुनावले. तिने आजारपणातही त्याला सरळ जाब विचारला. शेळीला, गाईला तू जवळ घेतोस, नागपंचमीला नागाला दूध पाजतोस, मग तुझ्यासारख्याच माणसाला अस्पृश्य काहून मानतोस, असा तिच्या बोलण्याचा रोख होता. ते ऐकून आईचे डोळे भरून आले. आपल्या माणसाला न दुखावता पण न घाबरता कसे बोलावे, हे त्या पत्रातून शिकण्यासारखे आहे.

विरोध असूनही काम वाढत गेले. ३ जुलै १८५१ रोजी अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात, त्याच वर्षी १७ सप्टेंबरला रास्ता पेठेत आणि १५ मार्च १८५२ ला वेताळ पेठेत मुलींच्या शाळा निघाल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात इंग्रज सरकारने जोतिरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला. ज्या पुण्यात शेण फेकले, त्याच पुण्यात भर सभेत हा मान मिळाला. पुढे १८५५ मध्ये दिवसा राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी त्यांनी रात्रीची शाळा काढली. आमच्यासारख्या पाळीत काम करणाऱ्या माणसाला त्या रात्रीच्या शाळेचे मोल विशेष वाटते.

खेळणी नको, ग्रंथालय द्या

या शाळांच्या बक्षीस समारंभाची एक आठवण सांगतात. पाहुणे आले होते, पोरींना बक्षिसे वाटणे चालू होते. एका लहान मुलीने बक्षीस घेताना सांगितले की आम्हाला खेळणी आणि खाऊ नको, आमच्या शाळेला ग्रंथालय पाहिजे. विचार करा, ज्या पोरींच्या आजी-पणजीने अक्षर पाहिले नव्हते, त्या पोरींमधली एक जण भर समारंभात पाहुण्यांना असे सांगते. खेळणे कोणाला आवडत नाही? तिलाही आवडत असेल. पण खेळणे एकटीचे असते अन् चार दिवसांत मोडते, पुस्तक सगळ्यांचे असते, हे तिला समजले होते. हे समजायला तिला मारून-मुटकून शिकवावे लागले नसणार. वर्गात पुस्तकाची गोडी लावणारी बाई होती, म्हणून ते तिला आपोआप कळले.

फुल्यांच्या शाळेने काय घडवले याचा कागदावरचा पुरावाही आहे. मांग समाजातली मुक्ता साळवे ही तिथली विद्यार्थिनी. १८५५ साली तिचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध ज्ञानोदय या नियतकालिकात फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत छापून आला. ज्या धर्माने आम्हाला माणूस मानले नाही तो आमचा कसा, असा प्रश्न त्या कोवळ्या पोरीने विचारला. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, त्याच्या ऐंशी वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

सावित्रीबाई स्वतः कवयित्री होत्या. १८५४ साली, तेविसाव्या वर्षी, त्यांचा काव्यफुले हा संग्रह निघाला. त्यात फुलांवर, निसर्गावर कविता आहेत, तशाच शिक्षणावर, इंग्रजी शिकण्यावर, शूद्रांच्या दुःखावर आहेत, लहान लेकरांना अभ्यासाला लावणाऱ्याही आहेत. ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. त्या काळात बायांच्या ओठावर काय होते? व्रतवैकल्याच्या कहाण्या, नवऱ्याची सेवा सांगणाऱ्या पोथ्या, सासुरवासाच्या ओव्या. पोरीने कसे असावे हे तिला गाण्यांतून आणि कहाण्यांतूनच शिकवले जात होते. माईने हे ओळखले. गाणे म्हणू नका असे तिने सांगितले नाही. तिने पोरींना दुसरे गाणे दिले.

शाळेपलीकडचे काम

माईचे काम शाळेपुरते राहिले नाही. हळदीकुंकवाला सगळ्या जातींच्या बायांना बोलावून एकाच जाजमावर बसवले. फसवल्या गेलेल्या विधवांना आत्महत्या करावी लागू नये, जन्मलेल्या बाळाला मारावे लागू नये, म्हणून १८६३ मध्ये फुले दांपत्याने आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. अशाच एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले, तोच डॉ. यशवंत. १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला.

त्याच १८६८ सालच्या ऑगस्ट महिन्यातले तिचे नायगावहून लिहिलेले पत्र आहे. गावात गणेश नावाचा ब्राह्मण पोरगा आणि शारजा नावाची महाराची पोरगी यांचे प्रेम होते, ती गरोदर राहिली. गावकरी दोघांना मारत, वाजतगाजत मारून टाकायला नेत होते. माई धावत गेली. इंग्रजी कायद्याचा धाक घालून तिने दोघांचे जीव वाचवले आणि त्यांना जोतिरावांकडे पुण्याला पाठवून दिले. प्रेम केले म्हणून पोरीला मारणारे लोक आजही बातम्यांत दिसतात. दीडशे वर्षांपूर्वी एक बाई अशा जमावापुढे एकटी उभी राहिली होती.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. भटजीशिवाय, हुंड्याशिवाय लग्ने लागू लागली. १८७६-७७ च्या दुष्काळात फुल्यांनी आणि सत्यशोधक मंडळींनी उपाशी लेकरांसाठी अन्नछत्रे चालवली. एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून लिहिलेल्या पत्रात माईने दुष्काळाचे हाल कळवले आहेत. १८८९ मध्ये यशवंताचे लग्न ग्यानोबा ससाणे यांच्या मुलीशी, राधाशी, सत्यशोधक पद्धतीने झाले. लग्नाआधीच माईने राधाला घरी आणून ठेवले होते, म्हणजे दोघांना एकमेकांची ओळख होईल अन् पोरीचे शिक्षणही होईल. सासू अशी असू शकते.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा माई स्वतः टिटवे घेऊन पुढे चालली आणि तिनेच अग्नी दिला. त्यानंतरही ती घरात बसली नाही. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेची ती अध्यक्ष होती.

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. माईने डॉक्टर यशवंताला बोलावून हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या गायकवाडांचा आजारी मुलगा तिने पाठीवर टाकून दवाखान्यात आणला. मुलगा वाचला, पण माईला प्लेग लागला. १० मार्च १८९७ रोजी तिने देह ठेवला. वय सहासष्ट. ज्या लेकराला सवर्ण हात लावणार नाहीत, ते पाठीवर घेऊन ती गेली.

माईची वाट आपल्यापर्यंत कशी आली

बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि जोतिबा फुले यांना आपले गुरू मानले. १९४६ साली निघालेला शूद्र पूर्वी कोण होते हा ग्रंथ त्यांनी महात्मा फुल्यांना अर्पण केला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला परिषद झाली, तेव्हा बाबासाहेब बायांशी वेगळे बोलले. जातीची खूण दाखवणारे गळ्यातले, हातातले जडशीळ दागिने टाका, लुगडे नीटनेटके नेसा, पोरींना शिकवा, असे त्यांनी समजावले. अंगावर काय घालायचे हे जातीने ठरवू नये, हा त्याचा अर्थ. आज मला वाटते, ते दुकानदारानेही ठरवू नये.

आपल्या विदर्भात ही वाट रुंद झाली. नागपुरात हमाली करून, ओझी वाहून शिकलेल्या जाईबाई चौधरी यांनी आपल्या पोरींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची मोठी परिषद झाली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या होत्या. तिथे बाबासाहेबांनी पोरींच्या लग्नाची घाई करू नका, लेकरांना शिकवा, असे सांगितले. त्या परिषदेला गेलेल्या बाया म्हणजे आपल्याच आज्या-पणज्या. त्यांच्यातल्या बहुतेक निरक्षर होत्या, कापूस वेचणाऱ्या, निंदण-खुरपण करणाऱ्या होत्या. पण पोरगी शिकली पाहिजे हे त्या गाठीला बांधून परत आल्या.

पुण्याच्या विद्यापीठाला २०१४ मध्ये माईचे नाव मिळाले. ज्या भिडे वाड्यात शाळा निघाली तो पडझड झालेला वाडा वर्षानुवर्षे कोर्टकज्ज्यात अडकला होता. डिसेंबर २०२३ मध्ये तो स्मारकासाठी पाडून जागा मोकळी करण्यात आली. चांगली गोष्ट आहे. पण स्मारक पुण्यात होईल, पोरगी आपल्या घरात आहे.

आजचा बाजार

आता थोडे आजचे बोलतो, नाहीतर चरित्र वाचून काय उपयोग?

शिरवळचा बाजार आठवड्यातून एकदा भरायचा. आजचा बाजार पोरीच्या उशाशी चोवीस तास उघडा असतो. हा एका दिवसात झालेला नाही. १९७५ साली हिंदुस्थान लिव्हर कंपनीने फेअर अँड लव्हली हे गोरेपणाचे क्रीम आणले. पुढे टीव्हीवर त्याच्या जाहिराती येत, सावळी पोरगी उदास बसलेली, क्रीम लावले की गोरी होते, मग तिला नोकरी मिळते, नवरा मिळतो. अभ्यास केला म्हणून नाही, गोरी झाली म्हणून. आपल्या सावळ्या पोरींनी हे चार-चार वेळा रोज पाहिले. लोकांनी टीका केल्यावर २०२० मध्ये कंपनीने त्याच्यातला फेअर शब्द काढून ग्लो घातला. नाव बदलायला पंचेचाळीस वर्षे लागली. १९९१ नंतर देशाचा बाजार खुला झाला, घराघरात केबल आली. १९९४ मध्ये विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी हे दोन्ही मुकुट एकाच वर्षी भारतात आले आणि सौंदर्याचा धंदा तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. गरिबाला बाटली परवडत नाही हे कंपन्यांना माहीत होते, म्हणून त्यांनी एक रुपयाची पुडी काढली. १९९२ पासून सरकार गरीब मागासवर्गीय मुलींना शाळेत हजर राहण्यासाठी दिवसाला एक रुपया भत्ता देऊ लागले. पोरीच्या हातातल्या त्या रुपयावर दोघांचा डोळा, एकीकडून शाळेचा अन् दुसरीकडून पुडीवाल्याचा.

आता मोबाइल आला. त्यावरची गाणी, नाच, रील फुकट आहे असे पोरींना वाटते. फुकट काहीच नसते. पोरगी काय पाहते, किती वेळ पाहते, कुठे थांबते, याची नोंद होते. मग तेच तेच तिच्यापुढे सरकवले जाते, मधेमधे जाहिरात येते, आणि जाहिरातवाल्याकडून कंपनी पैसे घेते. म्हणजे तिथे विकला जाणारा माल म्हणजे आपल्या पोरीचा वेळ. नटी काय नेसते, कोणती लिपस्टिक लावते, दहावीच्या पोरीने कसे दिसावे, हे दुसरेच कोणी ठरवून राहिले. शेतमजुराची पोरगी स्वतःच्या चेहऱ्याला, कपड्याला, घराला लाजू लागते. पोथीने पूर्वी सांगितले की बाई म्हणजे नवऱ्याची सेवा. हा बाजार सांगतो की बाई म्हणजे दिसणे. दोघेही तिच्या डोक्याचे, हुशारीचे नाव घेत नाहीत.

पण याच्यावर आपल्यात जो इलाज चालू आहे, तो मला रोगाहून वाईट वाटतो. मोबाइलमुळे पोरगी बिघडते, शाळेत जाऊन बिघडते, म्हणून तिचे नाव कमी करायचे, अन् अठरा पूर्ण व्हायच्या आधीच लग्नाचे पाहायचे. बंधू-भगिनींनो, पुण्याच्या सनातन्यांचे म्हणणे तरी दुसरे काय होते? पुस्तकाने पोरी बिघडतात असेच ते म्हणत होते. पोरीच्या भीतीने तिची शाळा बंद करणारा बाप आणि माईवर शेण फेकणारा, यांच्यात मला फरक दिसत नाही. आणि तोच मोबाइल घरातला पोरगा रात्री दोन वाजेपर्यंत पाहतो, त्याचे नाव कोणी शाळेतून कमी करत नाही. घरच्या बाप्यांच्या हातातही तोच असतो.

पोरींनी नाचूच नये, सिनेमा पाहूच नये, नटूच नये, असे माझे म्हणणे नाही. आपला समाज गाण्या-बजावण्याचा आहे. सत्यशोधकांनी जलसे केले, आंबेडकरी शाहिरांनी जलसे केले, भीमगीतांनी बाबासाहेबांचा विचार निरक्षर बायांपर्यंत पोचवला. गाण्यात मोठी ताकद आहे, म्हणूनच तर बाजाराने ते धरले. प्रश्न एवढाच आहे की पोरीच्या पुढे दुसरे काही आपण ठेवले काय? घरात तिला बसून वाचायला कोपरा नाही, गावात पोरीने उठून जावे अशी वाचायची जागा नाही, चौकात पोरं बसलेली असतात. मग ती मोबाइल नाही पाहणार तर काय करणार?

विहाराने काय करावे

विहाराच्या वर्धापनदिनी दरवर्षी आपण वर्गणी काढतो. डीजेला किती जातात, मंडपाला किती जातात, हे हिशेबाच्या वहीत आहे. त्यातला ठरावीक हिस्सा पुस्तकांसाठी बाजूला काढावा. बक्षीस म्हणून प्लास्टिकचे डबे, शोभेच्या वस्तू देणे बंद करून पुस्तके द्यावीत. विहाराच्या एका बाजूला कपाट आणि चार टेबले टाकून संध्याकाळी दोन तास अभ्यासिका चालवावी. त्यातले निदान दोन दिवस फक्त मुलींसाठी ठेवावेत, आणि तिथे बसायला महिला मंडळाच्या आयांनी पाळीपाळीने यावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही यावे, शेजारी बसलेली पोरगी त्यांना अक्षर शिकवील.

दुसरे, माहितीअभावी पोरी घरी बसतात. एस.टी. महामंडळाकडून पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेच्या प्रवासाचा मोफत पास मिळतो. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अकरावीपासून पुढे शिकणाऱ्या आपल्या लेकरांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. फॉर्म भरण्याची तारीख निघून गेली की वर्ष वाया जाते. शिकलेल्या तरुणांनी मोबाइलवर रील पाहता पाहता हे फॉर्म भरून द्यावेत. त्याच यंत्राचा तोही उपयोग आहे.

तिसरे, पोरींना जाहिरात वाचायला शिकवावे. ही वस्तू कोण विकते, मला लाजवून विकते काय, ही घेतली नाही तर माझे काय अडेल, असे तीन प्रश्न पोरीने स्वतःला विचारले तर अर्धा बाजार जागेवर बसतो. तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते की कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा. ते केवळ पोथीला लागू नाही, जाहिरातीलाही लागू आहे.

माईच्या शाळेत पहिल्या दिवशी सहा पोरी होत्या. आपल्या अभ्यासिकेत पहिल्या दिवशी तेवढ्या आल्या तरी निराश व्हायचे कारण नाही. येत्या ३ जानेवारीच्या आत कपाट यावे, यासाठी ज्यांच्या घरी वाचून झालेली पुस्तके पडून आहेत त्यांनी ती विहारात आणून द्यावीत, आणि ज्यांना वेळ देता येईल त्यांनी आपले नाव समितीकडे नोंदवावे. माझी पाळी सुटली की बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मी बसेन.

जय भीम. जय सावित्री.